तीन चाकू आणि एक डुक्कर

"लिंबू सरळ धर, आणि अंगठा आत घे. नाहीतर उद्या भाषणाला नऊच बोटं घेऊन जाशील," जयसिंगकाका म्हणाले.

मी अंगठा आत घेतला आणि लिंबू कापलं. पहिल्या चाकूनं एक, दुसऱ्यानं एक, तिसऱ्यानं एक. खंडेनवमीला आमच्या खराड्यांच्यात घरातल्या प्रत्येक शस्त्राला एकेक लिंबू द्यायची पद्धत आहे, आणि तोपर्यंत ते काम मुलगेच करायचे. त्या वर्षी काकांनी मला बोलावलं, कारण ऑगस्टमध्ये मी तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिली आले होते. त्याआधी मी वर्गात 'हजर' म्हणतानासुद्धा बाकाकडे बघायचे. पण एकदा स्टेजवर उभं राहून स्वतःसाठी वाजलेल्या टाळ्या ऐकल्या की माणूस बिघडतो. मी आठवीत होते आणि पार बिघडले होते. आता बारावीत आहे, अजून सुधारलेले नाही.

काकांच्या सोप्यात, म्हणजे पुढच्या खोलीत, घोंगडं अंथरलेलं, त्यावर पाट, पाटावर लाल कापड आणि कापडावर ते तीन चाकू. तिन्ही शिकारीचे, घडीचे. पातं मुठीत मिटवायचं, खिशात टाकायचं आणि रानात जायचं, असे. दुसऱ्या दिवशी दसऱ्याला ते ग्रामपंचायतीच्या नव्या सभागृहात काचेच्या कपाटात जाणार होते, कायमचे. आणि गावानं एकमेकांना सोनं द्यायच्या आधी माइकवर त्यांची माहिती सांगायचं काम माझं होतं.

"चल, म्हणून दाखव," काका खुर्चीत रेलून म्हणाले. ते दूध डेअरीचे चेअरमन राहिलेले असल्यामुळे कुणाचंही बोलणं मीटिंगमधल्यासारखं ऐकतात.

"पहिला चाकू काकांच्या आजोबांचा, म्हणजे कै. यशवंतराव दाजींचा," मी सुरू केलं. "इंग्लंडमध्ये बनलेला, साधारण १९२५ सालचा. मूठ सांबराच्या शिंगाची. पातं धार लावून लावून निम्मं झालंय."

"निम्मं म्हणू नको. अनेक शिकारी पाहिलेलं म्हण."

"अनेक शिकारी पाहून निम्मं झालेलं."

आत पुरणाला चटके देत बसलेल्या काकी हसल्या. काकांनी ऐकलं नाही असं दाखवलं.

मधला मी मुद्दाम शेवटी ठेवला. "तिसरा चाकू काकांच्या वडिलांचा, अण्णांचा. १९७४ साली जत्रेत घेतलेला. मूठ पितळेची. उघडताना कट् कट् असा आवाज येतो."

"आणि त्येनं काय मारलं त्ये बी सांग," दाराजवळच्या स्टुलावरून आबा म्हणाले. "कलिंगडं. तवर शिकार बंद झालीती."

"रंगाकाका, मधे बोलू नका. पोरीची लिंक तुटती."

आबा म्हणजे माझे आजोबा, रंगराव खराडे. वय ब्याऐंशीच्या आसपास. अण्णा त्यांचे चुलतभाऊ. आबांचे आईवडील लहानपणीच गेले, तेव्हा अण्णांनीच त्यांना सांभाळलं, त्यामुळे त्या घरात आबा कधी खुर्चीत बसत नाहीत. स्टुलावर बसतात, तेही दाराजवळ.

"दुसरा चाकू," मी म्हणाले, आणि थांबले.

"पुढं?"

पुढचं पाठ होतं. न व्हायला काय झालं, गारगोटीहून पितळेच्या पाटीवर कोरूनच आणलं होतं: 'गोऱ्या साहेबाचे रानडुकरापासून प्राण वाचवल्याबद्दल कै. यशवंतराव दाजी खराडे यांना भेट, सन १९३७.' तो तिघांत सगळ्यात देखणा चाकू. शिंगाची मूठ, दोन्ही टोकांना चांदीसारख्या टोप्या, मोठं पातं, त्याच्या मागे मिटलेली छोटी करवत आणि पाठीला पिळाचा एक स्क्रू. पहिला नि तिसरा कपाटात पडून असायचे, हा मात्र देव्हाऱ्यात असायचा.

अडचण एवढीच होती, की आबा म्हणायचे हा चाकू माझा आहे.

त्यांची गोष्ट अशी: १९६१ साली धरणावर यंत्रं बसवायला एक जर्मन इंजिनिअर आला होता. त्याला शिकारीचा नाद. परवाना काढून रानात निघाला, वाट दाखवायला आबा. आबा तेव्हा एकवीस वर्षांचे. साहेबाची गोळी डुकराला लागली, पण पुरती लागली नाही, आणि डुक्कर फिरलं. साहेब पळताना पडला. आबांनी खांद्यावरचं घोंगडं डुकराच्या तोंडावर फेकलं आणि साहेबाला पायाला धरून करवंदीच्या जाळीत ओढलं. दोघंही ओरबाडून निघाले, पण जगले. काम संपवून जाताना साहेबानं खिशातला चाकू काढून आबांच्या हातात ठेवला.

म्हणजे गोष्ट तीच, डुक्कर तेच. फक्त माणसं आणि सालं वेगळी. आणि गावाचा विश्वास दाजींच्या गोष्टीवर होता, कारण दाजी नावाजलेले शिकारी होते, त्यांचा भिंतीवर हार घातलेला फोटो होता, आणि चाकू त्यांच्या घरच्या देव्हाऱ्यात होता. आबांकडं काय होतं? तोंड. डेअरीच्या कट्ट्यावर त्यांना बघितलं की कुणीतरी सुरू करायचंच, "काय आबा, जर्मनचा चाकू म्हणं? म्हंजे जर्मनच्या डब्यासारखा? भाकरी मावती का त्यात?" आमच्याकडं अॅल्युमिनियमच्या भांड्याला जर्मनचं भांडं म्हणतात. आबापण हसायचे. मी लहान असताना त्यांच्याबरोबर दूध घालायला जायचे, तेव्हा मीही हसायचे.

पण आता उद्या माइकवरून सगळ्या गावाला मीच सांगणार होते, की माझे आबा साठ वर्षं थापा मारतायत. आदल्या दिवशी त्यांना विचारलंही होतं, "आबा, मी हे बोलू का?"

"बोल की," ते म्हणाले होते. "पितळंवर कोरलंय. पितळंम्होरं माझ्या तोंडाचं काय?"

खरं तर मलाही माहीत नव्हतं कोणाचं खरं. कुणाचंही खरं असलं असतं तर चाललं असतं असं मात्र नाही. मला आबांचं खरं हवं होतं.

"केतकी, अडली का झोपली?" काकांनी विचारलं.

"बघतेय," मी म्हणाले, कारण खरंच काहीतरी दिसलं होतं. लिंबू कापून पाच-दहा मिनिटं झाली होती. पहिल्या चाकूच्या पात्यावर रस लागला होता तिथे निळसर काळे ओघळ उमटले होते. तिसऱ्यावरही काळपट ठिपके आलेले. मधला मात्र लख्ख. त्यात मला माझा चेहरा दिसत होता, नाक थोडं लांब.

"काका, हा काळा पडला नाही."

"कशाला पडेल? साहेबाचा चाकू तो. भारीतला."

"पहिलापण विलायतीच आहे."

"पहिला दाजींनी पैसे देऊन घेतलेला. हा बक्षिसाचा. बक्षीस देणारा माणूस हलकी वस्तू देत नाही. आणि न गंजणारं पोलाद तेव्हाही होतं, मी गूगलवर बघितलंय."

हे बरोबर होतं. मीपण बघितलं होतं. मी मुकाट्यानं तिन्ही पाती एका रांगेत लावली, आणि तेव्हा दुसरी गोष्ट दिसली. पहिल्याच्या पात्यावर, मुठीला चिकटून, 'इंग्लंड' असं इंग्रजीत ठसठशीत कोरलेलं होतं. तिसऱ्यावर त्याच जागी बनवणाऱ्याचं नाव, कुणीतरी खिळ्यानं ओढल्यासारखं. मधल्यावर त्याच जागी लाल काळा थर होता, वाळलेल्या शेणासारखा घट्ट.

"याच्या बुडाशी काय लिहिलंय?"

"कुंकू आहे ते," काका म्हणाले.

"ते दिसतंय. कुंकवाच्या खाली काय लिहिलंय?"

काकांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी देवाच्या मूर्तीला वजन विचारलं होतं. "कुणी बघितलंय?"

खरंच कुणी बघितलं नव्हतं. आमच्यात देव्हाऱ्यातलं शस्त्र धूत नाहीत. पाणी लागलं की पोलादातला जोर वाहून जातो, असं म्हणतात. लिंबू कापलं की कोरड्या फडक्यानं पुसायचं, बुडाशी तुपात कालवलेलं कुंकू लावायचं आणि ठेवून द्यायचं. पुढच्या वर्षी त्याच्यावर परत कुंकू. अशी किती वर्षं एकावर एक बसली होती कोण जाणे. ज्या चाकूची एवढी पूजा केली, त्याचाच पत्ता आम्ही बुजवून टाकला होता. कुंकू न लागलेले दोघं आपापलं गाव सांगत होते.

"मी साफ करू?"

"नाही."

"थोडंसंच."

"केतके, नवमी आहे आज. शस्त्राला पाणी लावायचं नाही. तुझ्या पंजोबांनी लावलं नाही, अण्णांनी लावलं नाही, मी लावलं नाही."

"पाणी लावायचं नाही न्हवं?" काकी आतून बाहेर आल्या. कोपरापर्यंत पीठ. "मग तेल लावू दे. मारुतीला घालतो की आपण तेल. देवाला तेल चालतं."

"अगं ए, तू पुरण बघ."

"पुरण शिजलं." त्या शिलाई मशीनच्या खणातून तेलाची कुपी आणि जुना टूथब्रश घेऊनच आल्या. "आणि ह्या घरात आल्यापासनं कुंकू मी लावतीय ह्याला, तुम्ही न्हाई. माझं कुंकू हाय, ठेवीन न्हाईतर काढीन."

काका खुर्चीतून अर्धे उठले. "सणाचं असलं अभद्र बोलू नको."

"चाकूचं म्हणतीय, तुमचं न्हवं. बसा."

काका बसले. दाराजवळून आबांचा खोकल्यासारखा आवाज आला, पण तो खोकला नव्हता.

मी तेल सोडलं, थोडं मुरू दिलं आणि ब्रश घासायला लागले. आधी नुसता लाल चिखल. मग काळा. मग आणखी जुना, तपकिरी, तुपाचा खवट वास मारणारा. काकी फडकं घेऊन पुसत होत्या. "हे आमच्या लग्नाच्या आधीचं," त्या म्हणाल्या, "सासूबाईंच्या हातचं." पीठ, तेल, कुंकू, दोघींचे हात बघण्यासारखे झाले होते. आणि मग धातू चमकला, आणि चमकीत अक्षरं.

मी इंग्रजी अक्षरं एकेक करून वाचली. "जर्मनी."

मी वळून बघितलं तर ते चपलांकडे बघत होते.

"असू दे की जर्मनी," काका म्हणाले. आवाज जरा चढला होता. "संस्थानचा काळ होता. शिकारीला सगळ्या देशांचे साहेब यायचे. गोरा म्हटलंय पाटीवर, इंग्रज म्हटलेलं नाही. पाटी बरोबरच आहे."

पाटी बरोबरच होती. मला रडू यायला लागलं होतं आणि रडायचं तर अजिबात नव्हतं, म्हणून मी नुसती घासत राहिले. 'जर्मनी'च्या डावीकडे अजून थोडा थर होता. कोपऱ्यातला, चिवट. काकींनी केसातली पिन काढून दिली. पिनेनं खरवडलं, परत तेल, परत ब्रश.

आणखी चार अक्षरं.

मी ती मनात वाचली. परत वाचली. मग ब्रश खाली ठेवला, हात फ्रॉकला पुसले, काकी "अगं" म्हणाल्या, आणि मी उभी राहिले. उभी राहिल्याशिवाय मला बोलता येत नाही, हे स्पर्धेपासून लागलेलं वळण.

"काका, दाजी कधी वारले?"

"फोटोखाली आहे की. १९४६."

"नक्की?"

"दर वर्षी हार मी घालतो."

"इथं 'वेस्ट जर्मनी' लिहिलंय. वेस्ट. महायुद्धात हरल्यावर जर्मनीचे दोन तुकडे झाले, वेस्ट आणि ईस्ट. १९४९ साली. त्याच्या आधी वेस्ट जर्मनी नावाचा देशच नव्हता. देश नाही तर छाप कुठून? म्हणजे हा चाकू १९४९ च्या नंतरचा. तो बनला तेव्हा दाजींना जाऊन निदान तीन वर्षं झाली होती."

आत दुधाला उकळी आल्याचा आवाज आला, तरी काकी उठल्या नाहीत.

काकांनी हात पुढे केला. मी चाकू दिला. त्यांनी चष्मा चढवला, पातं उजेडाकडे धरलं, अंगठा त्या अक्षरांवरून फिरवला. मग भिंतीवरच्या फोटोकडे बघितलं. दाजी नेहमीसारखे बंदूक घेऊन उभे.

"बरं," ते म्हणाले. "दाजींचा नाही. एवढं मानलं. पण म्हणून तो रंगाकाकांचाच कशावरून? अण्णांना कुणी दिला असेल. कुठनं विकत आणला असेल. छाप काय माणसाचं नाव सांगत नाही."

माझं सगळं भाषण संपलं होतं.

आबा उठले. स्टुलावरून उठायला त्यांना वेळ लागतो. ते चालत आले, घोंगड्यावर बसले आणि काकांच्या हातातून चाकू घेतला, अगदी सहज, जशी आपण कुणाच्या हातातली किल्ली घेतो.

"करवत उघडून बघितलीस कधी?" त्यांनी विचारलं.

"ती उघडत नाही. गंजलीय. अण्णा असल्यापासनं तशीच आहे."

"गंजल कशानं? हे पोलाद गंजत न्हाई, आत्ताच म्हणालास की." आबा चाकूकडे बघतसुद्धा नव्हते. काकांकडेच बघत होते. त्यांनी मोठं पातं मिटवलं, मग अर्धंच उघडलं, डाव्या अंगठ्यानं मागची टोपी दाबली आणि तसंच दाबून नख सरकवलं. किंचित कर्र झालं, तेल आतपर्यंत गेलंच होतं, आणि करवत टपकन् बाहेर आली. दात नवेकोरे.

"मोठं पातं निम्म्यावर आणल्याबिगर ही सुटत न्हाई. रानात चुकून उघडू नये म्हणून. सायबानं दोनदा दाखवलं, तिसऱ्यांदा माझ्याकडनं करून घेतलं." त्यांनी चाकू फिरवला. "आणि हा स्क्रू. ह्येनं गोळी काढत्यात म्हणून सांगतोस न्हवं तू लोकांस्नी?"

"अण्णा सांगायचे."

"बाटलीचं बूच काढायचंय ह्ये. रोज दिवस मावळला की काढायचा सायब."

काकी तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. मग मी. काका हसले नाहीत, पण त्यांचा चेहरा सैल पडला. त्यांनी करवत मिटवली आणि स्वतः उघडायचा प्रयत्न केला. जमलं नाही. आबांनी त्यांचा अंगठा धरून योग्य जागी ठेवला. दुसऱ्यांदा जमलं.

"रंगाकाका," ते हळू म्हणाले, "अण्णांनी तुमच्याकडनं नेला?"

"बघायला म्हणून घेतला. आवडला त्याला. द्येव्हाऱ्यात ठिवला. आता द्येवाम्होरची वस्तू मागायची कशी? आणि ज्येनं मला भाकरी घातली त्याच्याकडं?"

"आणि दाजींचं नाव? ते का लावलं त्यांनी?"

आबांनी जरा विचार केला. "त्ये तुझ्यापायी."

"माझ्या?"

"तू असशील चार-पाच वर्सांचा. रोज रातच्याला भोकाड. माझ्या आजोबाची गोष्ट सांग, माझ्या आजोबाची सांग. दाजी गेलं तवा अण्णा बी पोरसवदाच, त्याला तरी किती गोष्टी ठावं? सपल्या. मग त्यानं माझी सांगितली. तू झोपलास. मी हितंच बसलोतो." ते थांबले. "म्हटलं झोपला न्हवं, मग असू दे."

काका बराच वेळ चाकू मिटत उघडत राहिले. मग उठून आत गेले. परत आले तेव्हा त्यांच्या हातात पितळेची पाटी होती, आणि ती त्यांनी कपाटामागे सरकवून दिली. मग दाराजवळचं स्टूलही पायानं बाजूला सारलं आणि खुर्ची ओढली.

"रंगाकाका, जमिनीवर नका बसू," एवढंच म्हणाले.

दसऱ्याला सभागृह खचाखच भरलं होतं. खिशाखिशांत आपट्याची पानं, पुढे पोरं, मागे डेअरीच्या कट्ट्यावरची सगळी मंडळी भिंतीला टेकून. फेटा बांधलेले काका पहिल्या रांगेत. मी स्टेजवर. माझ्या मागे काचेचं कपाट, त्यात दोन चाकूंखाली पाट्या आणि मधल्याखाली नुसतं लाल कापड.

पहिला चाकू सांगितला. अनेक शिकारी पाहून निम्मं झालेलं पातं, यावर लोक हसले. मला एकदम पंख फुटल्यासारखं झालं.

"दुसरा चाकू," मी म्हणाले.

"थांब पोरी," काका उभे राहिले. "हे मी सांगतो."

ते वर आले. माइक घेतला नाही, त्यांना लागत नाही. "हा चाकू माझ्या आजोबांचा म्हणून मी तुम्हाला आजवर सांगत आलो. तो त्यांचा नाही. वेस्ट जर्मनीचा चाकू आहे, या पोरीनं शोधून काढलं, ज्याला शंका असेल त्यानं येऊन वाचावं. १९६१ साली एका इंजिनिअरचा जीव वाचवल्याबद्दल तो आमच्या रंगाकाकांना मिळाला. वस्तू त्यांची आहे. या कपाटात ठेवायची का घरी न्यायची, हे त्यांनी ठरवायचं. मी त्यांना विचारलं नव्हतं. आता सगळ्यांसमोर विचारतो."

आधी एक टाळी वाजली, काकींची असणार. मग सगळ्या. माझ्यासाठी वाजलेल्या त्या ऑगस्टमधल्या टाळ्या यांच्यापुढे पावसाच्या दोन थेंबांसारख्या होत्या. आबा पायऱ्या चढून वर आले. मी हात द्यायला गेले तर त्यांनी तो बाजूला केला.

टाळ्या थांबल्यावर मागच्या भिंतीकडून कुणीतरी विचारलं. भाकरी मावते का म्हणून विचारणाराच आवाज होता, पण सूर वेगळा. "आबा, डुक्कर केवढं होतं वो?"

आणि मग मागची सगळी मंडळी भिंत सोडून पुढे सरकली. उत्तर ऐकायला.

आबांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला, परत लावला, आणि माझ्या हातातून माइक घेतला.

"बसा समदी," ते म्हणाले. "येळ लागंल."